डाळ न शिजणारं पाणी

मार्च लागला की आमच्या घरात दोन आवाज सुरू होतात. एक नातीचा, एक सुनेचा. नात सातवीत आहे. परीक्षा जवळ आली की पुस्तक छातीशी धरून ती घरभर चालत पाठ करते, "पाण्याची दुष्फेनता दोन प्रकारची असते. तात्पुरती आणि कायमची." स्वयंपाकघरातून हॉल, हॉलमधून गॅलरी, पुन्हा माघारी. आणि सून नळावर बसलेला पांढरा थर लिंबाच्या फोडीनं घासत बोअरच्या पाण्याला, सोसायटीच्या चेअरमनला आणि पिंपळे सौदागरात फ्लॅट घ्यायची कल्पना ज्याला सुचली त्या माझ्या मुलाला नावं ठेवत असते. दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलत असतात, हे दोघींच्या गावी नसतं. परवा न राहवून मी म्हटलं, "अगं, तू जे पाठ करते आहेस ना, तेच तुझी आई घासते आहे."

"आजी, मध्ये बोलू नकोस ना. लिंक तुटते."

तुटू दे, म्हणणार होते. म्हटलं नाही. जन्मभर वर्गात बोलून झाल्यावर आता घरात गप्प बसायचं शिकते आहे. गॅलरीत येऊन बसले. खाली पाण्याचा टँकर मागे मागे येत होता आणि त्याच्या पाइपातून गळणाऱ्या पाण्याचा डांबरावर वास उठला होता. त्या वासानं मला थेट दापोडीला नेऊन उभं केलं. पन्नासच्या दशकातली दापोडी. सतरा वर्षांची मी, काखेत गुंडाळलेले तक्ते, बोटांना खडू आणि डोक्यात एकच धास्ती.

तो पाठांचा हंगाम होता. पाठ म्हणजे नातीचे नव्हेत, आमचे. ट्रेनिंग कॉलेजात शिकणाऱ्या आम्ही मुली खऱ्या शाळेत, खऱ्या पोरांपुढे उभ्या राहून धडे घ्यायचो आणि मागच्या बाकावर बसून कुणीतरी आमच्या चुका लिहून घ्यायचं. संक्रांत झाली की सुरुवात आणि मार्च संपता संपता शेवटचा पाठ, बाहेरच्या परीक्षकापुढे. तो पडला की वर्ष पडलं.

माझं वर्ष पडून चालण्यासारखं नव्हतं. मी सातवी पास, ज्याला तेव्हा फायनल म्हणत. वडील गेले, पुढची शाळा तालुक्याला, म्हणजे माझ्यापुरती शाळा संपली. राजापूरच्या अलीकडचं आमचं गाव. दोन वर्षं घरी गुरं आणि धाकटी भावंडं सांभाळल्यावर कुणीतरी काकांच्या कानावर घातलं की फायनल झालेल्या मुलीला मास्तरीण होता येतं. माझा आतेभाऊ नाना पिंपरीच्या नव्या औषधाच्या कारखान्यात लागला होता, दापोडीला दोन खोल्यांत राहत होता. तो म्हणाला, पाठवा. काकांनी एस्टीत बसवताना सांगितलं, "एका दमात पास झालीस तर तुझं नशीब. नापास झालीस तर सरळ परत ये. स्थळं काही वाट बघत थांबत नाहीत."

नाना आणि वहिनींचे उपकार मला इतके वाटायचे की त्यांच्या घरात मी पाऊलसुद्धा न वाजवता चालायची. भाकरी मोजून खायची नाही असं वहिनी म्हणायच्या, तरी मी कमीच खायची. त्यांनी माझ्याकडून मागितलं काय, तर संध्याकाळची आमटी. आणि मला ती जमेना!

डाळ शिजतच नव्हती. तास झाला, दीड तास झाला, लाकडं संपली, डाळ आपली खड्यासारखी टणक. मी पळीनं घोटून घोटून रडकुंडीला आले. कोकणात आमच्याकडे डाळ चुलीवर ठेवून विहिरीवर जाऊन यावं तर परत येईपर्यंत मेण झालेली असायची. वहिनींनी आणखी लाकडं आणून ठेवली. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. शेवटी घरमालकीण काशीबाई दारातून ओरडल्या, "अगं पोरी, हिरीचं पानी घातलंस व्हय? जड हाय ते. त्यात तुजी डाळ दिवाळीपत्तूर शिजायची न्हाई. नदीचं आन, नदीचं!"

पाणी जड असतं हे मला तेव्हा कळलं. तोवर माझ्या लेखी पाणी म्हणजे पाणी. आमच्या जांभ्या दगडाच्या मुलुखात साबण एकदा लावला की फेस जाता जात नाही. इथे विहिरीवर केस धुतले की शिकेकाई केसांतच बसायची, वेणी दोरखंडासारखी. परकराला साबण चोळा, पाण्यात नुसता करड्या रंगाचा साका. इथल्या बायका हे सगळं बोलता बोलता निभावत होत्या. प्यायला अमुक, डाळीला तमुक, धुण्याला नदी. त्यांच्या डोक्यात पाण्यांचा एक आख्खा ग्रंथ होता. आणि दैव असं की हेच मला त्यांच्या पोरांना शिकवायचं होतं. पुस्तकातून.

आमच्या पाठाची एक रीत होती, तिचा मला आजही राग येतो. पाठाच्या पाच पायऱ्या. पहिली प्रस्तावना. तिच्यात मुलांना असे प्रश्न विचारायचे की आज काय शिकायचं हे त्यांच्याच तोंडून यावं. बाईंनी ते सांगायचं नाही. त्यांच्या तोंडून आलं की मग बाईंनी फळ्यावर सुबक अक्षरात लिहायचं, 'पाणी'. त्याला हेतुकथन म्हणत. आमचे पद्धती शिकवणारे मोघेसर सांगायचे, "हेतू वर्गाच्या पोटातून उमटला पाहिजे." सरांना सांगायला काय जातं! दापोडीच्या सहावीच्या पोटातून काय काय उमटायचं ते मी ऐकलं आहे.

"मुलांनो, सकाळी उठल्यावर तुम्ही प्रथम काय करता?"

"श्यान काढतो, बाई."

"बरं. त्यानंतर?"

"म्हस सोडतो."

"तोंड नाही का धूत?"

"धुतो की."

"शाब्बास! कशानं धुता?"

"राखुंडीनं!"

आख्खा वर्ग एका सुरात. मोघेसरांची पेन्सिल मागे चालू. मी घामाघूम. "अरे, पण चूळ कशानं भरता?" यावर एक पोरगी उठून म्हणाली, "बाई, तुमच्याकडं 'चूळ भरतंय गो' म्हणत्यात का?" आणि वर्ग फुटला. माझं नाकातलं बोलणं त्यांना माझ्यापेक्षा चांगलं यायचं.

ती पोरगी जैतून. तिच्या वडिलांचं मुंबई-पुणे रस्त्याला सायकलचं दुकान, दुकानामागेच घर, घराला लागून विहीर, आणि विहिरीसमोर शाळा. मी रोज तिथून जायची. तिची आई दारात बसून सूप पाखडत असायची. मला बघितलं की हमखास म्हणायची, "बाई, ऊन लई हाय. पानी घ्या." मी हसायची. "नको, आत्ताच पिऊन आले." वहिनींनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "वाटेत कुणाकडे काही घेऊ नकोस हो. आपल्यात चालत नाही." ज्या घरात मी पाऊल न वाजवता चालत होते, त्या घराचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. पुढे पुढे तर तिनं विचारायच्या आधीच मी हात हलवून नको म्हणायला लागले.

पाणी दोन वायूंचं बनलेलं असतं, हा पाठ मी फेब्रुवारीत घेतला. प्रयोग करायला शाळेत काही नव्हतं. फळ्यावर दोन नळ्या काढल्या, एकीत दुप्पट उद्जन, म्हणजे आताचा हायड्रोजन, दुसरीत प्राणवायू. उद्जन स्वतः पेटतो, प्राणवायू पेटायला मदत करतो. सगळं आधी लिहून दाखवलेल्या टिपणाबरहुकूम. जैतून उभी राहिली.

"बाई, एक पेटनारा, दुसरा पेटवनारा. मंग त्यांचं पानी चुलीवर वतलं की चूल विझती कशी?"

मला उत्तर येत नव्हतं. येणार कुठून? मी तिच्याहून एक यत्ता पुढे. "खाली बस. मध्ये मध्ये बोलायचं नाही," म्हटलं. ती बसली. नंतर मी मोघेसरांना तोच प्रश्न विचारला, तर ते म्हणाले, "टिपणात नाही ते विचारू नये आणि विचारू देऊ नये." उत्तर मला फार वर्षांनी एका पुस्तकात मिळालं. पाणी म्हणजे जळून झालेला उद्जन. जे एकदा जळलं ते पुन्हा काय जळणार? इतकं सोपं. ते सांगायला जैतून समोर नव्हती. परवा नातीला 'मध्ये बोलू नकोस' म्हणताना ऐकलं तेव्हा मला आवाज ओळखीचा वाटला. माझाच होता तो.

शेवटच्या पाठाला विषय आला, जड पाणी आणि हलकं पाणी. मला वाटलं, देव पावला. तालीम झकास झाली. एका बाटलीत नदीचं पाणी, एकीत विहिरीचं. दोन्हींत साबणाच्या पाण्याचे सारखेच थेंब. हलवलं की नदीच्या पाण्याला गळ्यापर्यंत फेस, आणि विहिरीच्या पाण्यात नासक्या दुधासारखे गोळे. मोघेसरसुद्धा "हं" म्हणाले. त्यांचं "हं" म्हणजे दुसऱ्याची शाबासकी.

परीक्षेच्या आदल्या दिवशी मी जैतूनला सांगितलं, "उद्या येताना तुमच्या घरचं पाणी घेऊन ये. तांब्याभर."

"आमच्या घरचं?"

"हो."

"आमच्या घरचं, बाई?"

"किती वेळा सांगू? तुमच्याच घरचं. उद्या साहेब येणार आहेत, विसरलीस तर बघ!"

विहीर त्यांच्या दाराला लागून, एवढाच माझा हिशेब. तक्ते, बाटल्या, नदीचं पाणी हे मला न्यायचं होतं, चौथं ओझं नको. ती दोनदा का विचारते आहे, हे माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. धास्तावलेल्या माणसाला स्वतःखेरीज काही दिसत नाही.

परीक्षक काळा कोट घालून आले, शेवटच्या बाकावर गुडघे उंच करून बसले. वर्गाबाहेरच्या कडुनिंबाला मोहोर आला होता, त्याचा कडवट गोड वास खिडकीतून येत होता. जैतून आली. घासून लखलखीत केलेला पितळेचा तांब्या, त्यावर उपडं फुलपात्र, त्यावर कडेला दोऱ्याची वेल विणलेला पांढरा रुमाल. मी रुमाल ओढून काढला, पिशवीत कोंबला, फुलपात्र बाजूला सारलं आणि पाणी बाटलीत ओतलं. मला वेळ गाठायची होती.

प्रस्तावना कशीबशी झाली. साबणाचे थेंब टाकले. नदीची बाटली हलवली. फेस. "आता बघा हं, विहिरीचं पाणी," असं म्हणून दुसरी हलवली.

फेस.

चांगला पांढराशुभ्र, उभार फेस. मी पुन्हा हलवली. आणखी वाढला.

"बाई, दोन्हीला आला की," पुढच्या बाकावरून कुणीतरी सांगितलं, जणू मला दिसत नव्हतं. मोघेसरांनी चष्मा काढून पुसायला घेतला. माझ्या डोळ्यांपुढे काका, एस्टी आणि परतीची वाट. आणि असा संताप आला म्हणता, की मी परीक्षक, पाच पायऱ्या, सगळं विसरले.

"जैतून! हे पाणी कुठलं? नदीचं भरून आणलंस ना? खरं सांग!"

"न्हाई बाई, अल्लाची शपथ, हिरीचंच हाय." तिनं तांब्याकडे बोट दाखवलं. "अम्मीनं निस्तं उकाळलंय. दोनदा. आन् गाळलंय. गावात दवंडी दिली हुती ना, पानी उकाळून प्या म्हनून. सायबास्नी प्यायला देयाचं, तर कच्चं कसं द्यावं?"

वर्ग हसला. मी हसले नाही. टिपणात उकळणं चौथ्या पायरीला होतं आणि आम्ही दुसरीवर होतो. तेवढ्यात जैतूननंच डोळे पुसत सांगितलं, "उकाळलं की पातेल्याला पांढरं बसतंय बाई. आज लई बसलं. अम्मीनं उलथन्यानं खरडलं."

"आमच्याबी हंड्याला बसतंय!"

"माझी आय म्हनती, चुना हाय त्यो!"

"मंग त्योच ग्येला आसंल पान्यातनं!"

"म्हनून फेस आला!"

मागून परीक्षकांचा आवाज आला, "थांबू नका, बाई. विचारा त्यांना."

मग मी विचारत गेले. काय विचारलं ते आज आठवत नाही. टिपण टेबलावर तसंच पडलं होतं. दोन मुली धावत जाऊन विहिरीचं कच्चं पाणी घेऊन आल्या, त्यात गोळे झाले, वर्गानं टाळ्या पिटल्या. जडपणा कशानं येतो, कशानं जातो, सगळं त्यांनीच सांगितलं आणि मी फळ्यावर लिहीत गेले. घंटा झाली तेव्हा लक्षात आलं, हेतू लिहायचाच राहिला होता.

परीक्षक उठले, गुडघे झटकले. "पाठ टिपणाप्रमाणे झाला नाही," म्हणाले. टिपणावर सही केली. "पण झाला."

मी पास.

त्या आनंदात मी काय केलं, ते ऐका. आवराआवर केली. बाटल्या रिकाम्या केल्या, फळा पुसला. जैतूनचा तांब्या अजून अर्धा भरलेला होता. मी तो उचलून अंगणात नेला, पाणी कडुनिंबाच्या बुंध्याशी ओतलं आणि तांब्या तिच्या हातात दिला. "घे, ने घरी." ती ओल्या मातीकडे बघत राहिली. फुलपात्र कोरडंच होतं.

तेव्हाही मला काही कळलं नाही. कळलं दुसऱ्या दिवशी, पिशवी उपडी केल्यावर. तक्त्यांच्या चोळामोळ्यातून तो रुमाल पडला. बाटलीवर कुणी विणलेला रुमाल घालत नाही. प्रयोगाच्या पाण्याबरोबर कुणी फुलपात्र पाठवत नाही. बाईंनी आमच्या घरचं पाणी मागितलंय, असं जैतून घरी जाऊन म्हणाली असणार. रोज हात हलवून नको म्हणणाऱ्या बाईंनी! मला स्वतःचा असा वैताग आला की रुमालाची घडीसुद्धा धड घालता येईना.

दुपारी रुमाल घेऊन गेले. जैतूनची आई दारात उभीच राहिली. "या, या बाई! पास झाला म्हणं?"

"झाले."

"झालं, गंगेत घोडं न्हालं. आन् बाई," ती जरा पुढे झाली, आवाज खाली आणला, "सायबांनी पानी पिलं म्हणं? आमची सांगत हुती. एकदा पिलं, आन् पुन्यांदा मागून घेतलं म्हणं. गोड हाय, म्हणाले."

दाराआड जैतून उभी होती. अंगठ्यानं जमीन उकरत होती, माझ्याकडे बघत नव्हती. संक्रांतीपासून मी त्या पोरांना घोकवलं होतं, कृती, निरीक्षण, अनुमान. निरीक्षणात जे दिसलं तेच लिहायचं, पदरचं घालायचं नाही. आणि या पोरीनं पदरचं घातलं होतं. आईसाठी, आणि खरं म्हणजे माझी लाज झाकायला.

आत चुलीवर पातेलं होतं. त्याच्या कडेला आतून पांढरी वळी दिसत होती. वहिनींचा चेहरा डोळ्यांपुढे आला, दोन खोल्या आल्या. त्या घराचे उपकार होतेच. पण मी पास झाले ते या चुलीमुळे, हेही तितकंच खरं होतं.

"हो," मी म्हटलं, "साहेब प्याले. मी तेवढी राहिले. द्या."

ती आत गेली. तेच फुलपात्र काठोकाठ भरून घेऊन आली. पाणी अजून कोमट होतं.